हरकती निरंक

हे लिहिताना माझ्या जिभेखाली लवंगी मिरचीचा तुकडा आहे. तो विरला की मला सगळं छान वाटायला लागतं आणि लिहिण्यात काही अर्थ राहत नाही. त्यामुळे मध्येच एखादा परिच्छेद फार समाधानी वाटला, तर समजून घ्या की मिरची संपली होती आणि मी नवीन आणायला उठलो नव्हतो.

माझं नाव शौर्य मगदूम. माझ्या पिढीत हे नाव फार निघालं. आमच्या वर्गात सहा शौर्य होते. त्यातले पाच पालीला घाबरायचे. सहावा मी. मी पालीच्या चित्रालाही घाबरायचो.

नोकरी म्हणाल तर हरकत निरीक्षक, चिंचणे बुद्रुक. सरकारला गावात काहीही करायचं असलं की आधी नोटीस लावून लोकांच्या हरकती मागवाव्या लागतात, असा जुना नियम आहे. त्या गोळा करायचं काम माझं. त्यासाठी मला एक लोखंडी पेटी आणि एक शिक्का दिलाय. चार वर्षांत पेटीत एकदाच काहीतरी पडलं. ते सरड्याचं पिल्लू निघालं आणि त्याची कशालाच हरकत नव्हती. मुदत संपली की मी उभा राहून मोठ्यानं वाचतो, "हरकती निरंक," आणि शिक्का मारतो. निरंक म्हणजे शून्य. कार्यालयात शून्याला शून्य म्हणत नाहीत, त्याला वाईट वाटतं.

गेल्या वर्षी स्मशानभूमी बाजारपेठेत हलवली. लोकांची एक चक्कर वाचते, असं कारण दिलं होतं. हरकती निरंक. गावातल्या सगळ्या घरांना एकच रंग द्यायचं ठरलं, रंगाचं नाव 'कोमट पांढरा'. निरंक. मग घरं ओळखता येईनात, म्हणून माणसं जे घर जवळ पडेल तिथं जेवू लागली. त्यालाही निरंक.

ह्या सगळ्याच्या मुळाशी एक कणी आहे. तांदळाच्या कणीएवढंच यंत्र, म्हणून लोक कणी म्हणतात. ते कानात बसवतात. चवीचा आणि कानाचा संबंध काय, असं कुणी पूर्वी विचारलं असतं, तर सांगतो. जिभेच्या पुढच्या भागाची चव मेंदूकडे नेणारी नस जरा आडवाटेनं जाते, ती चक्क कानाच्या पडद्यामागून. कानाचं ऑपरेशन झालेल्या काही माणसांना चहा पत्र्यासारखा लागतो तो ह्यामुळेच. समरुची योजनेच्या शास्त्रज्ञांनी बरोबर त्या वळणावर नाका बसवला. जिभेकडून काहीही येवो, श्रीखंड, कारलं, सुकट, कणी त्याला थांबवते, त्याचे कपडे उतरवते आणि 'प्रमाण चव' नावाचा गणवेश घालून पुढं सोडते.

हेतू वाईट नव्हता. शाळांत, कारखान्यांत, वसतिगृहांत ढिगानं अन्न ताटात टाकलं जायचं. एक स्वयंपाकघर, एक चव, उष्टं शून्य. आणि उष्टं खरोखरच शून्यावर आलं. पण पहिल्या वर्षी कुणाच्या तरी लक्षात आलं की कणी बसवलेल्या गावांतून हरकतीही यायच्या थांबल्यात.

मेंदूत इन्सुला नावाची एक घडी असते. नासकं दूध तोंडात गेलं की तोंड वाकडं करायचा हुकूम तिथून सुटतो. आणि रांगेत कुणी मध्ये घुसलं की पोटातून जे काही वर येतं, तेही बरंचसं तिथूनच. निसर्गानं दोन्ही कामं एकाच टेबलावर दिलीत. वर्षभर जिभेकडून एकही तक्रार आली नाही की त्या टेबलावरचा कारकून डुलक्या काढायला लागतो. मग रांगेत घुसणाऱ्याची फाइलही तशीच पडून राहते. शास्त्रज्ञांनी हा परिणाम दुष्परिणाम म्हणून कळवला. सरकारनं तो मुख्य परिणाम म्हणून मंजूर केला.

तर मार्चच्या पहिल्या तारखेला माझ्याकडे नोटीस आली. 'चिंचणे बुद्रुक येथील मसाला कांडप केंद्र हे वैयक्तिक चवीचे उगमस्थान असल्याने कायमचे बंद करणेबाबत.' पट्ट्यातलं ते शेवटचं कांडप होतं आणि ते माझ्या सख्ख्या आत्याचं, वैजयंताआत्याचं होतं. आत्याला कणी नव्हती. चटणी कुटायला चव लागते, म्हणून तिला धंद्यापुरती सूट होती. कांडपाला सील लागलं की सूट संपली. दुसऱ्या दिवशी तिच्या कानात कणी.

मी नोटीस घेतली, खळ घेतली आणि आत्याच्या दारावर चिकटवली. मला वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला हवं होतं एवढं मात्र आठवत होतं. एखाद्याचा चेहरा आठवावा आणि नाव आठवू नये, तसं.

"सरळ चिकटवलीस," आत्या आतून म्हणाली. "बापासारखाच हात हाय तुझा. कागद चिकटवायला बरा."

आत्याचं कांडप म्हणजे पत्र्याची लांब शेड. आत चार लोखंडी मुसळं पट्ट्यावर वरखाली होतात, खाली चार उखळं. त्याला आमच्याकडे डंख म्हणतात. पूर्वी उन्हाळा लागला की गावातल्या बायका मिरच्या, खोबरं, तीळ, धने, दगडफूल डोक्यावर घेऊन इथं रांग लावायच्या. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं, आणि शेजारणीचं चूक. आता कुणी येत नव्हतं. आत्या मात्र दर मार्चमध्ये सगळ्या घरांची चटणी आठवणीनं कुटून, डब्यांत भरून घरोघर पोचवायची. लोक "छान" म्हणून डबा घ्यायचे आणि न उघडता फळीवर ठेवायचे. त्या दिवशीही डबे भरून मांडलेले होते. डब्यांवर तिच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या. 'खोत : लसूण दुप्पट, सासूला न सांगता.' 'तेली : ब्याडगी जास्त, नुसताच रंग, माणसंही तशीच.' 'मगदूम : तीळ कमी, आईचे दात गेल्यापासून.'

"आत्या, एकतीस तारखेला सुनावणी आहे," मी म्हणालो.

"मग घे की माझी हरकत लिहून."

"तुझी चालत नाही. कणी असलेल्या माणसाचीच धरतात. प्रमाणित रुची लागते."

"म्हंजे ज्याला काय वाटतच न्हाई, त्यानं सांगायचं काय वाटतंय ते?"

"नियम आहे."

"लई हुशार माणसानं केलाय," आत्या म्हणाली. "बस. भाकरी खा. नोटीस लावून दमला असशील."

तिनं भाकरीवर लाल चटणी घातली, मध्ये खड्डा करून तेल ओतलं. मी घास घेतला. चव प्रमाणच लागली. आणि मग तोंडाला आग लागली.

इथं शास्त्र पुन्हा थोडं सांगायला पाहिजे. तिखट ही चव नाही. आपल्याकडे सहा रसांत तिखटाला धरतात, पण चवीच्या पेशींचं आणि मिरचीचं एकमेकांशी बोलणंही नाही. मिरचीतला जाळ भाजल्याची जाणीव देणाऱ्या नसांकडे जातो आणि आग लागली म्हणून खोटी वर्दी देतो. त्या नसा कानामागून जात नाहीत, जबड्याच्या बाजूनं परस्पर मेंदूत शिरतात. नाका मुख्य रस्त्यावर आणि मिरची बायपासनं. म्हणूनच सरकारला कांडपं नको होती. मिरचीवर बंदी घातली नाही, कारण बंदी घातली की लोकांना आठवण येते. फक्त कुटायची जागा ठेवायची नाही.

माझ्या नाकातून, डोळ्यांतून पाणी आलं. टेबलावरचा कारकून दचकून उठला आणि चार वर्षांच्या फायली एकदम काढून बसला. पहिल्यांदा मला माझी पँट आवडली नाही. मग माझं कार्यालय आवडलं नाही. मग दाराकडे नजर गेली.

"ही नोटीस कुणी लावली?" मी विचारलं.

"तू."

"कुठल्या गाढवानं," मी म्हणालो आणि गप्प झालो, कारण उत्तर आधीच मिळालं होतं.

आत्यानं पाण्याचा तांब्या पुढं सरकवला, पण हातात दिला नाही. "आता शुद्धीवर हाईस तोवर ऐक. तुला म्हाईत हाय, ती प्रमाण चव कुठनं आली?"

"सर्वेक्षणातून. दोनशे बारा लोकांना पदार्थ चाखायला दिले होते."

"त्या दोनशे बारांत मी होतो." आमच्याकडच्या जुन्या बायका असंच बोलतात, होतो, जातो. "अकरा वर्सांमागं. गाडी पाठवून नेलं आमास्नी. चाळीस पदार्थ. एकोणचाळीस आचाऱ्यांनी केलेले, पडद्यामागनं यायचे. आमी बटणं दाबायची, आवडलं, न्हाई आवडलं. मनसोक्त नावं ठेवली. चाळिसावा आचारी आलाच न्हाई. मग त्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी सोताच दुधीची भाजी केली. पदर खोचून, घाम पुसत, सोताच्या हातानं वाढली. आणि समोर उभं राहून इचारलं, कशी झालीय?"

मला पुढचं कळलं होतं, पण तिला थांबवलं नाही.

"मीठ नव्हतं," आत्या म्हणाली. "चिमूटभरसुद्धा न्हाई. आता हातानं वाढणाऱ्या बाईच्या तोंडावर सांगतंय का कुणी? दोनशे बारा माणसं. सगळ्यांनी छान म्हणून बटण दाबलं. मीबी दाबलं. बाहेर चपला घालताना सगळ्या बोलल्या, बाई गं, कसली अळणी. पर यंत्र आतच राहिलं होतं. चाळीस पदार्थांत एकच असा, की एका माणसाची हरकत न्हाई. त्यानं त्योच धरला."

म्हणजे कणी बसल्यापासून अख्खं राज्य मटणापासून मोदकापर्यंत जे खात होतं, ते बिनमिठाची दुधीची भाजी होती. का, तर पाहुण्यांनी पाहुण्यासारखं वागायचं असतं.

"सगळ्या गावाला मी तोंडावर बोलतो," आत्या म्हणाली. "एकदाच न्हाई बोललो. तेवढंच सरकारला ऐकू गेलं."

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती. मला काहीतरी बोलायचं होतं, पण तोंडातला जाळ ओसरत आला होता. दहा मिनिटं होत आली होती. मला शेड छान दिसायला लागली. नोटीसही सरळ लागलीय असं वाटलं. आत्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि वर्तमानपत्राच्या तुकड्यात चिमूटभर चटणी बांधून माझ्या खिशात टाकली.

"सुनावणीच्या दिवशी खा," ती म्हणाली. "तुझं नाव शौर्य ठेवताना मीच पाळणा हलवला होता. वाया घालवू नकोस."

मी ती पुडी सुनावणीपर्यंत ठेवली नाही. कारण आर्वी.

आर्वी माझी बायको. शाळेत चित्रकला शिकवते. मी तिला बघायला गेलो होतो, तेव्हा तिनं पोह्यांची बशी माझ्या हातात दिली आणि पहिलं वाक्य बोलली, "शर्ट तुमचाच आहे, की कुणाचा मागून आणलाय?" शर्ट मागूनच आणला होता. मी तिथल्या तिथं होकार दिला. तिनं दोन महिने घेतले, कारण तिच्या माझ्याबद्दल बऱ्याच हरकती होत्या आणि त्या तिनं क्रमानं सांगितल्या. लग्नानंतर आम्ही आठवड्याला तीनदा भांडायचो. एकदा तर चहात आलं किसून घालायचं की ठेचून, ह्यावरून ती माहेरी गेली होती आणि तिथं आलं किसतात हे कळल्यावर परत आली होती. मग शिक्षकांना कणी सक्तीची झाली. माझी आधीच बसली होती. तेव्हापासून ती माझ्याकडे बघते आणि म्हणते, "छान." मुलांच्या चित्रांनाही छान. मुलं पूर्वीही दोन डोंगर आणि मधून सूर्यच काढायची, त्यामुळे तिथं फरक पडला नाही. मला पडला असावा. पण पडलाय हे वाटायला जे लागतं, तेच बंद होतं.

रविवारी दुपारी जेवायला बसलो. माझ्या डोक्यात अजून आत्याचं बोलणं होतं. म्हणजे ते माहीत होतं, वाटत नव्हतं. तारखा पाठ असतात ना, तसं. मी पुडी सोडली आणि आर्वीच्या वरणात अर्धी टाकली. टाकायच्या आधी तिला विचारलं, "घालू का?" ती म्हणाली, "छान."

दोन घासांनी ती खोकली. नाक लाल झालं. डोळे पुसत तिनं खोलीभर बघितलं.

"हे पडदे कुणी आणले?"

"तूच."

"मी? हा रंग?" ती उठून भिंतीला हात लावून बघू लागली. "आणि हे काय, भिंतीला ताप आलाय का? कोमट पांढरा म्हणे. शौर्य, आपण चार वर्षं असं राहतोय? शाळेत त्या मुलांचे दोन डोंगर, मी सगळ्यांना दहापैकी दहा देते. सगळ्यांना. एका पोरानं परवा कोरा कागद दिला. त्यालाही दिले." ती भराभर बोलत होती. मी भाकरी हातात धरून बसलो होतो. मला ते जरा गैरसोयीचं वाटलं, पण छान वाटलं. "आणि तू. तू रोज ते निरंक वाचून येतोस आणि माझ्यासमोर बसून जेवतोस. तुझ्या आत्याच्या दारावर नोटीस लावलीस म्हणे. तुला सांगू तू काय आहेस? तू एक नंबरचा..."

ती थांबली. मान जरा कलती झाली. तिनं माझ्याकडे बघितलं.

"एक नंबरचा काय?" मी विचारलं.

"छान," आर्वी म्हणाली आणि वरण ओढून घेतलं.

उरलेली अर्धी पुडी मी लगेच माझ्या तोंडात टाकली. तिच्या वाक्याचं काय राहिलं ते मला वाटून बघायचं होतं. मग दहा मिनिटं मी मोरीत तोंड घालून उभा होतो आणि ते पाणी मिरचीचं आहे असं स्वतःला सांगत होतो.

सुनावणी एकतीस तारखेला सकाळी अकरा वाजता, कांडपातच ठेवली होती. यायला कुणाची हरकत नव्हती, त्यामुळे सगळं गाव आलं होतं. चपला दाराबाहेर काढून लोक सतरंजीवर बसले. आर्वीही होती. आत्या डंखाला टेकून उभी. आणि अध्यक्ष म्हणून जिल्ह्याहून स्वतः डॉ. नीलाक्षी वर्दे आल्या होत्या. समरुची योजनेच्या जन्मदात्या. शेवटचं कांडप बंद होताना त्यांना हजर राहायचं होतं. सत्तरीच्या, नीटनेटक्या, बोलायला फार गोड. हातात स्टीलचा मोठा डबा. मोठ्या अधिकाऱ्यांना कणी नसते, निर्णय कुणाला तरी घ्यावे लागतात.

माझ्या खिशात पुडी नव्हती. मी आत्याकडे बघितलं, तिनं माझ्याकडे बघितलं, आणि तिला कळलं. मला छान वाटत होतं. मी हरकतींच्या नोंदीचा कोरा कागद पुढं ओढला. पेन उघडलं.

"आधी पंचनामा उरकून घेऊ," डॉ. वर्दे म्हणाल्या.

पंचनाम्याचा छापील फॉर्म असतो. मी एकेक रकाना वाचत गेलो. यंत्राचा प्रकार, मुसळांची संख्या. सहाव्या रकान्यात लिहिलं होतं, 'सील करतेवेळी यंत्र चालू स्थितीत आहे किंवा कसे.'

"आहे का चालू?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद दिसतंय," मी म्हणालो.

"चालू स्थितीत आहे का, असं विचारलंय. म्हणजे चालवून बघायला हवं. नियमानुसार होऊ दे. आजी, जरा सुरू करता का?"

आत्या सरकारी माणसाचं सहसा ऐकत नाही. त्या दिवशी तिनं निमूट ऐकलं. "व्हय की," ती म्हणाली. "मोकळं चालवलं तर मुसळाचं तोंड फुटतंय. थोडं काय तरी घालावं लागंल." आणि कोपऱ्यातलं भाजलेल्या संकेश्वरी मिरचीचं अख्खं पोतं तिनं उखळांत रिकामं केलं. मग बटण दाबलं.

ज्यांनी कांडपात मिरची कुटताना बघितलंय त्यांना पुढचं सांगायला नको. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पहिला ठसका सरपंचांना लागला. मग पहिल्या रांगेला, मग सगळ्यांना. दीडशे माणसं एकदम खोकत होती, शिंकत होती, एकमेकांच्या पाठी चोळत होती. डॉ. वर्दे डोळ्यांना रुमाल लावून हात हलवत होत्या, बंद करा, बंद करा. आत्यानं कानाला हात लावून दाखवलं, ऐकू येत न्हाई. मी डोळे मिटून फॉर्मवर लिहिलं, 'चालू स्थितीत आहे.'

डंख थांबला तेव्हा शेडमध्ये तांबूस धुरळा होता आणि दीडशे माणसं जागी झाली होती. मला ते दिसत होतं. लोक आपापल्या कपड्यांकडे, हातांकडे, शेजारच्याकडे बघत होते, लांबच्या गावाहून आल्यासारखे. सरपंचांनी बाहेर बघितलं आणि हळूच विचारलं, "स्मशान इथं कधी आलं?"

आता होईल, मला वाटलं. कुणीतरी उठेल. माझ्यापर्यंत येणार नाही.

पण डॉक्टर भल्या बाई होत्या. त्यांनी डबा उघडला. "थांबा थांबा, घसा शांत होईल. मी घरून केलीये सगळ्यांसाठी." आणि स्वतः रांगेतून फिरत, एकेकाच्या तळहातावर चमचाभर घालत गेल्या. दुधीची भाजी. पदर खोचलेला, कपाळावर घाम. प्रत्येकासमोर थांबून विचारायच्या, "कशी झालीये?"

सरपंचांनी घास खाल्ला. जागा झालेला माणूस होता. त्याचं तोंड वाकडं व्हायला लागलं, मी स्वतः बघितलं. त्यानं ते अर्ध्यावरून परत आणलं.

"छान," सरपंच म्हणाले.

"छान झालीय, मॅडम," खोतीणकाकू म्हणाल्या.

"छान." "छान." "रेसिपी द्या हं," तेली म्हणाले. हा माणूस पूर्वी लग्नात जिलबी नरम म्हणून आहेर परत घेऊन गेला होता.

तेव्हा मला कळलं, आणि जरा भीतीच वाटली. कणीनं आम्हाला गप्प केलं नव्हतं. आम्ही गप्प बसायचोच. कणीनं ते फक्त शिकून घेतलं होतं.

डॉक्टर आत्यासमोर आल्या. आत्यानं हात पुढं केला, खाल्लं. अकरा वर्षांपूर्वीचाच घास. गावात कुणालाही काहीही बोलणारी माझी आत्या त्या बाईच्या घामेजल्या कपाळाकडे बघत राहिली आणि तिच्या तोंडातून शब्द फुटेना. तिनं मान खाली घातली.

मग डॉक्टर माझ्याकडे आल्या. मी निरीक्षक, म्हणून शेवटचा. तळहातावर कोमट, पांढरट, मऊ काहीतरी पडलं. मी खाल्लं. चार वर्षांचं प्रत्येक जेवण त्यात होतं.

"कशी झालीये?" त्यांनी विचारलं. डोळे ठसक्यानं लाल होते आणि खरंच वाट बघत होते.

मी पालीच्या चित्राला घाबरणारा माणूस आहे. समोर नीट हसणारी म्हातारी बाई असली की खोटं किती सोपं असतं, हे मला तेव्हा कळलं.

"मीठ नाहीये, मॅडम," मी म्हणालो.

शेडमध्ये कुणीतरी शिंकलं.

"काय?"

"मीठ. अजिबात नाहीये. आणि तेव्हाही नव्हतं. माझी आत्या होती तिथं. सगळ्यांना कळलं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणी बोललं नाही."

डॉ. वर्दे यांनी चमचाभर भाजी आपल्याच हातावर घेतली आणि पहिल्यांदा चाखत असल्यासारखी चाखली. "मी लहानपणापासून अशीच करते," त्या म्हणाल्या. "आमच्या घरी सगळे छान म्हणतात." मग जरा थांबून, "मिस्टर तर चाळीस वर्षं म्हणतायत." त्यांनी पर्समधून फोन काढला आणि शेडच्या कोपऱ्यात गेल्या. "अहो, एक विचारायचं होतं. खरं सांगा," एवढंच आम्हाला ऐकू आलं. मग त्या फोन कानाला धरून भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

माझ्यासमोर कागद तसाच होता. मी उभा राहिलो. चार वर्षं जे वाचायचो ते तोंडातून यायला लागलं होतं. मी ते गिळलं. त्यालाही मीठ नव्हतं.

"कांडप केंद्र बंद करणेबाबत," मी वाचलं. "प्राप्त हरकती, एक. हरकतदाराचं नाव, शौर्य भाऊसो मगदूम. हरकत निरीक्षक. प्रमाणित रुचीधारक." आणि शिक्का मारला.

"दोन," खोतीणकाकू म्हणाल्या. "माझी लिही. खोतीण नको लिहू, सुमन लिही."

मग जे सुरू झालं ते मला पूर्ण लिहून घेता आलं नाही. स्मशानावर हरकत. कोमट पांढऱ्यावर हरकत. सरपंचांनी सरपंचांवर हरकत घेतली आणि ते स्वतःच आहेत हे सांगूनही मागे घेतली नाही. दोन सख्ख्या भावांनी एकमेकांच्या हसण्यावर हरकत घेतली. एका आजोबांची हरकत अशी होती की त्यांना काहीच खटकत नाहीये, आणि हेच त्यांना खटकतंय. तेलींनी दुधीवर घेतली. आत्या भिंतीला पाठ लावून खाली बसली होती, पदर तोंडाला. कुणी विचारलं तर ठसका लागलाय म्हणाली.

पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो, कारण शेवटी मला दुसरंच सांगायचंय. एकही हरकत आली तर नव्वद दिवस स्थगिती, असा नियम आहे. तो कुणीच कधी वापरला नव्हता, म्हणून काढायचा राहिला होता. कांडप चालू आहे. आत्याच्या कानात काही नाही. रांग इतकी लागते की त्यावरून भांडणं होतात, आणि ती बघायला शेजारच्या गावाहून माणसं येतात. कण्या अजून आमच्या कानांत आहेत. आम्ही गालात मिरची ठेवून हिंडतो. नव्वद दिवसांनी पुन्हा सुनावणी आहे, त्याची नोटीस दुसऱ्या कुणीतरी वाकडी चिकटवली आहे. मला निलंबित केलं. मी त्यावर हरकत घेतली, पण चिंचणे बुद्रुकमध्ये हरकत नोंदवून घ्यायचा अधिकार फक्त मला होता, आणि मी निलंबित आहे. डॉक्टरांचं पत्र आलं होतं. एकच ओळ होती, 'मीठ घालून बघितलं.' पुढं काय वाटलं ते लिहिलेलं नव्हतं. ह्या लोकांना अजून सवय नाही.

तर त्या दिवशी, सुनावणी संपल्यावर. लोक भांडत भांडत बाहेर पडत होते. दाराशी दीडशे जोड चपलांचा ढीग होता. मी माझ्या शोधत होतो. आर्वी शेजारी येऊन उभी राहिली. तिचं नाक अजून लाल होतं. ती एका पायात चप्पल घालत होती आणि माझ्या खांद्याचा आधार घेतला होता. चार वर्षांत पहिल्यांदा तिनं माझा खांदा एवढा जोरात दाबला होता.

मी वाट बघत होतो. चपला घालतानाच खरं कळतं, हे मला आता माहीत होतं.

"भित्रा," आर्वी म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशीचं वाक्य. तू एक नंबरचा भित्रा आहेस, असं म्हणायचं होतं. राहून गेलं होतं." तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली. "आता ते वाया गेलं. दुसरं काहीतरी शोधायला लागणार."

"शोध की. घाई नाही."

तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बराच वेळ बघितलं. ठसका उतरायला अजून काही मिनिटं होती, आणि ती एकही वाया घालवणार नव्हती.

"हा शर्ट तुझाच आहे," ती म्हणाली, "की परत कुणाचा मागून आणलायस?"